रस्त्याकडेचं जुनं झाड तोडून दहा रोपं लावली, तर हिशोब फिटतो का?

सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला एक व्हिडिओ देशभर व्हायरल झाला होता. कदाचित तुमच्याही फोनवर आला असेल. रस्त्याकडेचं चिंचेचं मोठं झाड, त्याला धक्का देणारं मशीन आणि झाड आडवं होताच हवेत उडालेले पक्षी. ज्यांना उडता येत होतं ते उडाले. घरट्यातली पिल्लं मात्र झाडाबरोबर रस्त्यावर आपटली आणि मेली.

ही घटना केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातली. काम होतं राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंदीकरणाचं. हाच महामार्ग पनवेलपासून सुरू होऊन कोकण आणि गोव्यातून पुढे कन्याकुमारीपर्यंत जातो. आपण ज्याला मुंबई-गोवा हायवे म्हणतो, तो याच रस्त्याचा तुकडा. त्या व्हिडिओनंतर केरळच्या वनविभागाने वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदवला आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीही दुःख व्यक्त केलं.

त्या व्हिडिओने एक गोष्ट दाखवून दिली. कागदावर 'एक झाड' असं लिहिलेलं असतं, तिथे प्रत्यक्षात एक अख्खी वस्ती असू शकते. पण रस्त्याचं काम निघालं की उत्तर ठरलेलं असतं : "एक तोडलं तर पाच लावू, दहा लावू." हा हिशोब खरंच फिटतो का? आणि लावायचीच असतील, तर झाडं कशी लावायची? समजून घेऊया.

रस्त्याकडेला झाडं आली कुठून?

रस्त्याच्या कडेला झाडं लावण्याची पद्धत आपल्याकडे खूप जुनी आहे. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांवर वडाची झाडं लावल्याचा उल्लेख आहे. कारणही दिलं आहे : माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. म्हणजे दोन हजार वर्षांहून आधीच्या या सरकारी नोंदीत रस्त्याकडेच्या झाडाचे लाभार्थी म्हणून माणूस आणि जनावर दोघांचीही नावं आहेत.

पुढे इंग्रजांच्या काळातही रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी वड, चिंच, आंबा, कडुनिंब लावले गेले. महाबळेश्वरला जाताना सुरूरहून वाईकडे वळलं की लागणाऱ्या वडांच्या रांगा अनेकांनी पाहिल्या असतील. ही झाडं लावली तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या, घोडे आणि पायी चालणारी माणसं होती. आता त्याच कडेने ट्रक आणि बस धावतात. रस्ता रुंद करायचा म्हटलं की पहिला बळी याच रांगेचा जातो, कारण ती बरोबर कडेला उभी असते.

इथे एक मुद्दा सुटून जातो. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या शेतीपट्ट्यात मोठी, जुनी झाडं उरली आहेत ती मुख्यतः तीन ठिकाणी : देवळापाशी, बांधावर आणि रस्त्याकडेला. मैलोन् मैल ऊस, सोयाबीन आणि कापूस असलेल्या भागात वडांची एक रांग म्हणजे पक्षी-प्राण्यांसाठी लांबच लांब पसरलेलं अरुंद जंगलच. ती गेली तर शेजारी पर्याय नसतो.

एका वडावर कोण कोण राहतं?

'उंबराचं फूल' हा वाक्प्रचार आपण न दिसणाऱ्या माणसासाठी वापरतो. उंबराचं फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असतं. वड, पिंपळ, उंबर, पायर, नांद्रुक या सगळ्या एकाच कुळातल्या झाडांचं असंच आहे. आपण ज्याला फळ म्हणतो, त्याच्या आत शेकडो बारीक फुलं असतात. त्यांचं परागीभवन करायला अगदी चिमुकल्या गांधीलमाश्या आत शिरतात. यातल्या बहुतेक झाडांची माशी ठरलेली असते : वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी.

ही माशी जेमतेम काही दिवस जगते. ती टिकायची तर परिसरात कुठल्या ना कुठल्या झाडाला कायम फळ धरलेलं हवं. त्यामुळे ही झाडं सगळी एकाच महिन्यात फळत नाहीत. हा वड आत्ता, तो दोन महिन्यांनी, असं चालतं. याचा फायदा बाकीच्यांना होतो. आंबा, जांभूळ संपले, रानात खायला काही उरलं नाही, अशा दिवसांतही कुठला तरी वड किंवा उंबर लगडलेला असतो. जगभरात १,२०० हून जास्त जातींचे पक्षी आणि प्राणी या कुळातली फळं खातात, अशी नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे.

महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल घ्या. हिरवट-पिवळ्या रंगाचं हे कबुतर पिकलेल्या वडावर, पिंपळावर थव्याने उतरतं. त्याच झाडावर तांबट, बुलबुल, मैना, कोकीळ आणि धनेश येतात. रात्री शिफ्ट बदलते. वटवाघळं आणि उदमांजर येतात. वटवाघळाच्या नावातच वड आहे. हे सगळे फळ खाऊन बिया दूरवर टाकतात आणि फुकटात नवी झाडं उगवतात.

फळांइतकीच महत्त्वाची असते ती ढोली. तांबट वाळक्या फांदीत स्वतः भोक पाडतो. पोपट, मैना, पिंगळा, दयाळ यांना तसं कोरता येत नाही. ते दुसऱ्याने कोरलेली किंवा लाकूड कुजून झालेली ढोली शोधतात. धनेशाला तर मोठीच ढोली लागते. मादी आत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून फळं आणून भरवत राहतो. धनेशाला घर मिळेल एवढं खोड जाड व्हायला आणि त्यात ढोली तयार व्हायला कित्येक दशकं लागतात.

म्हणून 'झाड म्हातारं झालंय, पोकळ झालंय, काढून टाका' हे वाक्य ऐकलं की थांबायला हवं. आपल्याला जे झाड संपलेलं वाटतं, ते पक्ष्यांच्या दृष्टीने नुकतंच राहण्यालायक झालेलं असतं. अर्थात, वाहतुकीवर पडू शकणारी फांदी काढावीच लागते. पण धोकादायक फांदी काढणं आणि झाडच बुंध्यापासून काढणं, यात फरक आहे.

झाडांवरचा पूल

रस्त्याकडेच्या झाडांचं आणखी एक काम असतं. दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींना भिडल्या की हिरवी कमान तयार होते. आपण तिथे गाडी थांबवून रील काढतो. शेकरूसाठी मात्र तो पूल असतो.

शेकरू म्हणजे मोठी खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये झालं ते मुख्यतः तिच्यासाठीच. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. या झाडावरून त्या झाडावर उडी मारत फिरते आणि साधारण २० फुटांची उडी मारू शकते. घाटातल्या अरुंद रस्त्यावर फांद्या जुळलेल्या असतील तर तिला रस्ता असल्याचा फरकही पडत नाही. पण चौपदरी महामार्गासाठी मोकळा केलेला पट्टा ४५ ते ६० मीटर रुंद असू शकतो. शेकरूसाठी ती भिंतच.

जमिनीवरून चालणाऱ्या प्राण्यांसाठी आता उपाय होऊ लागले आहेत. नागपूर-सिवनी मार्गावर पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या टप्प्यात राष्ट्रीय महामार्ग ४४ उंचावून त्याखाली नऊ ठिकाणी प्राण्यांना वाट ठेवली आहे. त्यातले काही भाग तब्बल ७५० मीटर लांब आहेत. वाघ, रानकुत्रे, चितळ तिथून ये-जा करताना कॅमेऱ्यांत दिसले आहेत. पण झाडावर राहणाऱ्या प्राण्याला खालची वाट कामाची नाही. तमिळनाडूत वालपराईच्या रस्त्यावर सिंहपुच्छ माकडांसाठी झाडांच्या उंचीवर टांगते पूल बांधले आहेत आणि माकडं ते वापरतात. हा चांगला उपाय आहे, पण दुसऱ्या नंबरचा. पहिल्या नंबरचा म्हणजे जुळलेल्या फांद्या तोडू न देणं.

मग दहा रोपं का पुरत नाहीत?

समजा १०० वर्षांचा वड तोडला आणि त्याबदल्यात दहा रोपं लावली. दहाही जगली असं धरू. तरी :

• आज फळ खायला आलेल्या पक्ष्याला पुढची कित्येक वर्षं तिथे काही मिळणार नाही.
• ढोली मिळायला दोन माणसांचं आयुष्य जाईल.
• रोपं बहुतेकदा दुसरीकडेच लावली जातात, कधी दुसऱ्या तालुक्यात. इथल्या पिंगळ्याला त्याचा उपयोग नाही.
• वडाच्या जागी वड लागेल याची खात्री नसते. पटकन वाढतं म्हणून गुलमोहर, पीतमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प लावले जातात. आकडा पूर्ण होतो, ताट रिकामंच राहतं.

आणि दहाही जगली, हे आपण नुसतं धरलं आहे. उन्हाळ्यात कुठल्याही नव्या हायवेवरून जाताना बाजूला बघा. वाळलेल्या काड्या आणि रिकामे ट्री गार्ड बरंच काही सांगतात.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात यासाठी मुख्यतः दोन कायदे आहेत.

पहिला, शहरांसाठीचा १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन कायदा. महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तशी नोटीस त्या झाडावर आणि वर्तमानपत्रात द्यावी लागते. परवानगी मिळाल्यावरही १५ दिवस झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज ट्री', म्हणजे वारसा वृक्षाचा दर्जा दिला. झाड तोडावंच लागलं, तर त्या झाडाचं जितकं वय तितकी झाडं लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची आणि सात वर्षं सांभाळायची, अशी तरतूद आली.

दुसरा, १९६४ चा झाडं तोडण्याचं नियमन करणारा कायदा. यात झाडांची यादी आहे. आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर त्यात आहेत. वड, पिंपळ, उंबर मात्र नाहीत.

गोम इथेच आहे. ५० वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणणारा नियम शहराच्या वेशीवर संपतो आणि महामार्गाचा बहुतेक भाग वेशीबाहेर असतो. म्हणजे ज्या वडाला पुण्यात वारसा म्हटलं असतं, तोच एखाद्या खेड्याबाहेर उभा असेल तर रुंदीकरणाच्या नकाशावर फक्त एक अडथळा ठरतो.

महामार्गांसाठी केंद्र सरकारचं २०१५ चं हरित महामार्ग धोरण आहे. प्रकल्पाच्या बांधकाम खर्चाचा १ टक्का वृक्षलागवड आणि देखभालीसाठी बाजूला ठेवायचा, असं ते सांगतं. २०२० मध्ये महामार्ग प्राधिकरणाने 'हरित पथ' नावाचं अॅप आणलं. त्यात लावलेल्या प्रत्येक झाडाची जागेसह नोंद ठेवायची आहे. म्हणजे पैसे नाहीत किंवा मोजायची सोय नाही, असं म्हणायला फारशी जागा नाही.

एका झाडाची किंमत किती?

हा प्रश्न खरोखर सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पश्चिम बंगालमध्ये बारासातहून बांगलादेश सीमेकडे जाणाऱ्या जेसोर रोडवर शेकडो जुनी झाडं आहेत. रेल्वेवरच्या पाच उड्डाणपुलांसाठी त्यातली ३५६ झाडं तोडायची होती. २०१८ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एका झाडामागे पाच झाडं लावण्याच्या अटीवर परवानगी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. तेव्हाचे सरन्यायाधीश होते मूळचे नागपूरचे शरद बोबडे. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि २०२१ मध्ये समितीने एक हिशोब मांडला : एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये. त्याला वयाने गुणायचं. त्यातला सगळ्यात मोठा वाटा, ४५,००० रुपये, ऑक्सिजनचा होता. या हिशोबाने शंभरी ओलांडलेल्या झाडाची किंमत एक कोटीच्याही वर जाऊ शकते, असं समितीने म्हटलं.

शेवटी काय झालं? फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झाडं तोडायला मोकळीक दिली. पूल नसल्याने होणारे अपघात आणि लोकांचे हाल, ही बाजू जड ठरली. ही बाजूही खोटी नाही. फाटकात अडकलेल्या अॅम्ब्युलन्सला 'झाड महत्त्वाचं की रस्ता' असं विचारता येत नाही. पण कोर्टात जाईपर्यंत आराखडा पक्का झालेला असतो आणि मग निवड फक्त दोनच गोष्टींत उरते. ती वेळ येण्याआधी, नकाशा पेन्सिलने काढलेला असताना, झाडांचा विचार झाला तर?

तसं होऊ शकतं. २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावी ते दिसलं. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात यल्लम्मा देवीच्या देवळाजवळचा भलामोठा वड जाणार होता. झाड सुमारे ४०० वर्षांचं असल्याचं सांगितलं जायचं. गावकरी आणि वृक्षप्रेमी एकत्र आले, सोशल मीडियावर मोहीम झाली, तत्कालीन पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी गडकरींना पत्र लिहिलं आणि सर्व्हिस रोडची आखणी बदलली. त्या वेळी महामार्गही झाला आणि कुऱ्हाडही टळली. बदलावी लागली ती कागदावरची रेघ.

झाड उचलून दुसरीकडे लावलं तर?

याला पुनर्रोपण म्हणतात. वड-पिंपळाच्या बाबतीत ते तुलनेने जमतं, कारण या झाडांना नवी मुळं लवकर फुटतात. पण पद्धत पाळावी लागते. आधी फांद्या छाटायच्या, बुंध्याभोवती टप्प्याटप्प्याने चर खणून मुळांना तयार होऊ द्यायचं, मातीच्या गोळ्यासकट झाड उचलायचं, नव्या जागी खड्डा तयार ठेवायचा आणि मग दोन-तीन वर्षं पाणी द्यायचं. एका दिवसात उपटून, मुळं तोडून, क्रेनने नेऊन ठेवलेलं झाड महिनाभर हिरवं दिसतं. फोटो निघतो. नंतर ते वाळतं.

आणि झाड जगलं तरी फांद्या छाटलेल्या असतात, ढोल्यांतले रहिवासी गेलेले असतात. म्हणून पुनर्रोपण हा शेवटचा उपाय. क्रम असा हवा : आधी आखणी बदलून पाहा, मग झाड दुभाजकात किंवा सर्व्हिस रोडच्या मध्ये घेता येतं का पाहा, तेही नाही जमलं तर पुनर्रोपण. तोडणं सगळ्यात शेवटी.

लावायची असतील तर तिम्मक्कांसारखी

नवी झाडं लावूच नयेत असं नाही. उलट, जुन्या रांगांमधली झाडं वादळाने, वयाने पडत असतात. त्या मोकळ्या जागा आत्ता भरल्या नाहीत तर पन्नास वर्षांनी वाचवायलाही काही उरणार नाही. फक्त लावायचं कसं, हे शिकायला हवं. आणि ते शिकवणारी बाई शाळेत गेलेली नव्हती.

कर्नाटकातल्या सालुमरद तिम्मक्का. कन्नडमध्ये 'सालुमरद' म्हणजे झाडांच्या रांगेची. हे त्यांना लोकांनी दिलेलं नाव. मोलमजुरी करणाऱ्या तिम्मक्का आणि त्यांचे पती चिक्कय्या यांना मूल नव्हतं. दोघांनी हुलिकल ते कुदूर या सुमारे चार किलोमीटरच्या रस्त्यावर वड लावायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी दहा, दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस. पुढे ३८५ झाडं उभी राहिली. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी रस्ता रुंदीकरणात याच झाडांवर संकट आलं, तेव्हा शंभरी पार केलेल्या तिम्मक्कांना झाडं वाचवण्यासाठी मुख्यमंत्र्यांना साकडं घालावं लागलं. सरकारने पर्याय शोधू असं सांगितलं. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी, ११४ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

त्यांची पद्धत बघा. गावातल्याच वडांपासून रोपं केली, म्हणजे झाड त्याच मातीतलं. लागवड पावसाळ्यात केली. गुरांनी खाऊ नये म्हणून काट्यांचं कुंपण घातलं. पाऊस नसेल तेव्हा दोघं लांबून पाणी वाहून आणत. आणि एका वर्षात ३८५ लावली नाहीत. सांभाळता येतील तेवढीच लावली. एका दिवसात लाखो रोपं लावल्याच्या विक्रमांपेक्षा हा आकडा छोटा दिसतो. पण ती झाडं उभी राहिली.

कुठे काय लावायचं?

• कोकणात : वड, उंबर, जांभूळ, बेहडा, सातवीण, आंबा, फणस. किनाऱ्याजवळ उंडी आणि करंज.
• देशावर आणि मराठवाड्यात : वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब, करंज, शिरीष. कमी पावसात बोर आणि बाभूळ.
• विदर्भात : मोह, बेहडा, पळस. ओढ्याकाठी अर्जुन.
• मधासाठी : पळस, पांगारा, काटेसावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये यांच्यावर पक्ष्यांची जत्रा भरते. काटेसावरीच्या फांद्या ठिसूळ असतात, म्हणून ती रस्त्यापासून लांब लावायची.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. यांच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं.

वेगवान महामार्गाच्या अगदी कडेला किंवा दुभाजकात फळझाडं नकोत. जांभळं रस्त्यावर पडली की ती खायला माकडं, उदमांजरं रस्त्यावर येतात आणि गाडीखाली जातात. तिथे झुडपं ठेवायची आणि फळझाडं सगळ्यात बाहेरच्या ओळीत, शेताच्या बाजूला लावायची. फांद्यांची कमान घाटातल्या, कमी वेगाच्या रस्त्यांवर शोभते.

माळरानावर रांगा लावू नका. सोलापूर, नगरकडची गवताळ माळरानं ओसाड नसतात. लांडगा, काळवीट, माळढोक यांना मोकळं गवतच लागतं. तिथे दाट झाडी करणं म्हणजे त्यांचं घर मोडणं.

विजेच्या तारांखाली मोठं होणारं झाड नको. नाहीतर दरवर्षी त्याचा शेंडा उडवला जाणार.

बुंध्यापाशी माती मोकळी हवी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मुळांना हवा-पाणी लागतं, हे सगळीकडे सारखंच. तसंच लोखंडी ट्री गार्ड वेळेत काढायला हवा. तो खोडात रुतलेली झाडं कुठल्याही शहरात दिसतील.

तुम्ही काय करू शकता?

१. झाड पडायच्या आधी नोंद करा. तुमच्या रोजच्या रस्त्यावरच्या जुन्या झाडांचे फोटो, जागा आणि जमिनीपासून साडेचार फुटांवरचा घेर लिहून ठेवा. ढोली, घरटी, येणारे पक्षी टिपा. ई-बर्ड, आयनॅचरलिस्ट किंवा झाडांच्या फुला-फळांची नोंद ठेवणाऱ्या सीझनवॉचवर टाका. 'इथे फार पक्षी येतात' या वाक्यापेक्षा तारीखवार यादी अधिकाऱ्यासमोर जास्त बोलते.

२. झाडावर नोटीस दिसली तर नुसता फोटो शेअर करू नका. शहरात असाल तर मुदतीत वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. खेड्यात असाल तर ग्रामसभेत विषय मांडा आणि वनविभाग, बांधकाम विभाग यांना पत्र द्या. आखणी कशी बदलता येईल, हेही त्यात लिहा.

३. घरट्यांचा हंगाम बघा. बगळे, पाणकावळे पावसाळ्यात एकेका झाडावर वस्ती करतात. मलप्पुरममध्ये झालं ते अशाच वेळी. छाटणीला कुणी आलं आणि वर घरटी असतील तर काम थांबवायला सांगा. महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन आहे १९२६.

४. माहिती अधिकारात योग्य प्रश्न विचारा. 'किती झाडं लावली' असं विचारलं तर उत्तर कायम छान येतं. 'कुठल्या जातीची, कुठे, आणि आज त्यातली किती जिवंत आहेत' असं विचारा.

५. लावा थोडी, जगवा सगळी. गावातल्या किंवा सोसायटीतल्या पाच जणांनी मिळून एका रस्त्यावर पाच झाडं घ्या. जागा ज्या विभागाची असेल त्याची परवानगी काढा. पाऊस लागला की लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला. तीन उन्हाळे निघाले की झाड बहुतेक स्वतःच्या पायावर उभं राहतं.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, हिशोब फिटत नाही. दहा रोपं म्हणजे एका वडाची भरपाई नव्हे. ती आपल्या नातवंडांच्या काळातल्या पक्ष्यांची सोय आहे आणि तेवढ्यासाठी ती लावायलाच हवीत. पण आजच्या पक्ष्यांना आजचंच झाड लागतं. ते तुमच्या रस्त्यावर कुठे उभं आहे, हे उद्या जाता-येता एकदा बघून ठेवा.